काळ्या मातीतली पाणंद : सिमेंट, चुना की डांबर?

गोदाकाठ_परभणी : नमस्कार मंडळी. आमच्या पाणंदीचा ३०० मीटरचा तुकडा आहे, रुंदी ३ मीटर, निव्वळ काळी माती. चौघांनी मिळून दीड लाख जमवलेत, त्यापुढे एक रुपया निघणार नाही. दरवर्षी मुरूम टाकतो, दोन पावसांत गडप. अवकाळीत उसाची ट्रॉली तीन दिवस रुतून होती. मातीतच सिमेंट किंवा डांबर मिसळलं की रस्ता टणक होतो म्हणतात. कुणी केलंय का?

शिवार७२ : सरळ काँक्रीट करा. आम्ही केलं, पाच वर्षं बघावं लागलं नाही.

गोदाकाठ_परभणी : भाऊ, दीड लाखात?

भीमाथडी : सिमेंटच्या नादी लागू नका. मी ६० गोण्या घातल्या. रोटाव्हेटरने ढेकळं फुटलीच नाहीत, वरून राखाडी आणि आत तशीच माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडली. आजही तो खर्च आठवला की जीव जळतो.

निवृत्त_उपअभियंता : भीमाथडी, दोष सिमेंटचा नाही, जागा चुकली. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. एवढ्या चिकट मातीत सिमेंट नीट कालवताच येत नाही. तिला चुना लागतो. चुन्याने चिकटपणा मरतो, माती भुसभुशीत होते, मग दाबली जाते. १५ सेंमी थराला वजनाच्या ४ टक्के धरला तर तुमच्या रस्त्याला साधारण साडेआठ टन. पण आधी मातीचा नमुना तपासा. चुना मिसळून, ओल देऊन एक-दोन दिवस मुरू द्या, पुन्हा कालवा आणि मग रोलर. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, वापरलीत तर डोळे आणि हात जपा, भाजतं.
सिमेंट मुरमात चालतं. ५ टक्के घातलं तर तेवढ्याच थराला सुमारे अडीचशे गोण्या.

रोलरवाला_बार्शी : मुरूम-सिमेंटचे सात रस्ते माझ्या रोलरखालून गेलेत, एकही उखडला नाही. मिश्रणात पाणी घातल्यापासून दोन तासांत दाबून मोकळं व्हायचं. नंतर आठवडाभर ओलं ठेवायचं, ट्रॅक्टर फिरकू द्यायचा नाही. लोक तिसऱ्याच दिवशी गाडी घालतात आणि नाव रोलरचं खराब होतं.

जांभ्याची_वाट : आमच्याकडे रत्नागिरीत डांबराचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) मुरमाड मातीत मिसळलं, पाणी आत शिरत नाही. डांबरच घ्या.

निवृत्त_उपअभियंता : तुमची माती वेगळी आहे. रेताड, मुरमाड मातीत डांबर कणांना धरून ठेवतं आणि पाणी अडवतं. काळ्या मातीच्या ढेकळांवर नुसता लेप बसेल.

जांभ्याची_वाट : साहेब, आमच्या रस्त्यावरून डंपर जातात, तो लेप नाही.

शिवार७२ : म्हणून म्हणतो, काँक्रीट.

रोलरवाला_बार्शी : उत्तर प्रदेशात ग्रामसडक योजनेचे जुने रस्ते खोलवर उकरून त्यातच सिमेंट मिसळतात. आपल्याकडे तसं मशीन पाणंदीला कोण आणणार?

भीमाथडी : काहीही मिसळा, चर नसेल तर सगळं पाण्यात. माझ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पाणी तुंबायचं, ते मी शेवटी पाहिलं.

निवृत्त_उपअभियंता : हे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं. रस्ता मध्ये उंच, कडेला चर.

गोदाकाठ_परभणी : सर्वांचे आभार, विशेषतः उपअभियंता काकांचे. चुन्याचंच ठरत होतं, पण मे संपत आलाय. चुना मुरायच्या आत पाऊस आला तर चौघांचा पैसा चिखलात जाईल. आणि खालच्या शेताचे मालक पाणी आपल्या बांधावरून नाल्यात सोडायला कालच तयार झालेत, सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून यंदा मिसळायचं काहीच नाही. जेसीबीने दोन्ही बाजूंना चर, नाल्याजवळ पाइप, चरातली माती मध्ये भरून उंची. उरलेले पैसे जानेवारीच्या चुन्याला ठेवतोय.

शिवार७२ : पावसात तीच माती वर चिखल होईल. पटलं नाही मला.

भीमाथडी : पाइप ६०० मिमीचा टाका. माझा ३०० चा पहिल्याच पावसात गाळाने बसला.