नाकात मांस वाढलं की जंतूंनाच का झोडपायचं?

तिरकस_तात्या: काल इथे एकाने ठोकून दिलंय की पॉलिप, म्हणजे नाकात वाढलेलं ते मांस, हे जंतूंचं घर, दोन महिने अँटिबायोटिक घ्या, मांस आपोआप गळतं. अहो, बिनजंतूंचं नाक दाखवा आधी! स्टॅफ ऑरियस हा जंतू तर धडधाकट माणसांतही साधारण चारातल्या एकाच्या नाकात मुक्काम ठोकून असतो, त्यांना का नाही होत पॉलिप? १९९९ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकवाल्यांनी असंच सगळं बुरशीवर ढकललं होतं, पण निरोगी नाकांतही तीच बुरशी निघाली.

गवतीचहा: म्हणजे जंतू अगदी साधूसंत? स्टॅफचं विष सुपरअँटिजेन असतं, त्याने ढीगभर टी पेशी, म्हणजे शरीराच्या रक्षक पेशी, एकदम चेकाळतात. बेल्जियममध्ये गेंटच्या बाकर्ट वगैरे संशोधकांनी २००१ मध्येच पॉलिपमध्ये त्या विषाविरुद्धचं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड, दाखवलंय. जंतूंचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तर सोडूनच द्या.

तिरकस_तात्या: मग डुपिलुमॅबच्या इंजेक्शनने पॉलिप का आक्रसतो? ते एकाही जंतूला हात लावत नाही, नुसता इंटरल्युकिन ४ आणि १३ या सूज वाढवणाऱ्या निरोप्यांचा रस्ता अडवतं. सूज आधी, जंतू नंतर शिरजोर होतात.

भाऊ_पंढरपूर: कशाला एवढं, जलनेती करा रोज. आमच्या सासऱ्यांचं नाक वीस वर्षं मोकळं आहे.

गवतीचहा: पाणी कुठलं घेतात?

भाऊ_पंढरपूर: नळाचं, अजून कुठलं.

गवतीचहा: बाप रे! २०११ मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुऊन दोघं गेली, अमिबा थेट मेंदूत. उकळून गार करा हो.

भाऊ_पंढरपूर: आमचे आजोबा विहिरीच्या पाण्याने करायचे, नव्वदी गाठली त्यांनी. तुम्हाला आपलं काही चांगलं दिसतच नाही, सगळं अमेरिकेतून यायला पाहिजे.

तिरकस_तात्या: अमिबाला विचारा देश कुठला. नेती चांगलीच आहे, मिठाच्या पाण्याने नाक धुवा असं ईएनटीवालेही सांगतात, फक्त पाणी उकळा म्हटलं तर लगेच संस्कृती धोक्यात?

नाकझाकू: भांडा खुशाल. माझी दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशनं झाली, फोडणी करपली तरी वास येत नाही, वर दमा, आणि अ‍ॅस्पिरिन घेतली की छाती भरते. डॉक्सीने (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) थोडं उतरलं होतं, बंद केल्यावर परत तेच. स्टिरॉइड स्प्रे मात्र सोडता येत नाही.

गवतीचहा: बघा, डॉक्सीने उतरलं!

तिरकस_तात्या: डॉक्सी सूजही कमी करते, मॅडम. बरं, जंतू आगीत तेल ओततात एवढं घ्या, देऊन टाकलं. पण दोन महिन्यांचा कोर्स सांगणारा काल रात्रीपासून गायब आहे, तो कुठल्या बिळात शिरला?

भाऊ_पंढरपूर: उकळलेलं पाणी कोमट चालतं का, की पूर्ण गार लागतं?