वर्गातलं भांडण बाईंनी मिटवावं की मुलांनी?

खडूफळा (धागाकर्ते): परिपाठात सुविचार वाचायचा आणि मधल्या सुट्टीत नळावर गचांडी धरायची, हे आपलं शांततेचं शिक्षण! २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी एनसीईआरटीने (शालेय अभ्यासक्रम ठरवणारी केंद्राची संस्था) ‘शांततेसाठी शिक्षण’ या विषयावर वेगळा अभ्यासगट नेमला होता. त्याचाही रोख आणखी एक पुस्तक वाढवण्याकडे नव्हता. सगळ्या विषयांतून आणि शाळेच्या एकूण वागण्यातून हे यावं, असा होता. माझं म्हणणं, तिसरीपासून भांडण सोडवायची रीत शिकवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न तोंड घालता ऐकायचं, ‘तू असं म्हणालास ना?’ असं विचारून खात्री करायची, मगच आपली बाजू मांडायची. तोडगा दोघांचा. बाईंनी निवाडा द्यायचा नाही.

दुपारची पाळी: कागदावर झकास. माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि रोजची ‘तातडीची’ माहिती. एका पेन्सिलीच्या भांडणात अर्धी तासिका गेली तर गणित कधी घेऊ? आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १७ ने छडी बंद केली, उत्तम केलं. पण छडीऐवजी काय, हे प्रशिक्षणात कुणी करून दाखवलं नाही.

तिसरा बाक: धाग्याशी साफ असहमत. पेन्सिलीसाठी ही रीत ठीक. पण एखाद्या पोराला जातीवरून रोज चिडवतात, त्याला चिडवणाऱ्यासमोर बसवून ‘दोघं मिळून तोडगा काढा’ म्हणणार? ते भांडण नाहीच, छळ आहे. तिथे बाईंनी बाजू घ्यायलाच हवी.

खडूफळा: @तिसरा बाक, मान्य. छळात मध्यस्थी नको, मोठ्यांनी थांबवायचं. पण मुलं बोलायलाच शिकली नाहीत तर तो छळ बाईंना कळणार कसा?
@दुपारची पाळी, तीच पेन्सिल रोज येते. आज वेळ द्या, दिवाळीनंतर वाचेल.

दुपारची पाळी: दिवाळीनंतर निवडणुकीचं काम असतं हो.

वेशीबाहेर: तुम्ही सगळे एकाच वर्गातल्या मुलांबद्दल बोलताय. उत्तर आयर्लंडमध्ये १९८१ साली पालकांनी पुढाकार घेऊन बेलफास्टला लॅगन कॉलेज नावाची शाळा काढली, आपसांत वैर असलेल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतल्या मुलांसाठी एकत्र. सुरुवातीला विद्यार्थी अवघे २८. तिथली बहुतेक मुलं आजही वेगवेगळ्याच शाळांत जातात, इतकं ते अवघड. आपल्याकडे पैसेवाल्यांची पोरं इंग्रजी माध्यमात, मजुरांची जिल्हा परिषदेत. समोरासमोर येतच नाहीत, तर ऐकायचं कुणाचं? खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या आरटीईच्या २५ टक्के जागांवर नाकं मुरडणाऱ्या पालकांना आधी असं ऐकायला बसवा.