लेपोरेलोला मराठीत काय म्हणावं : घडी, निरी की भाता?

जुनाबाजार : छायाचित्रकार दयानिता सिंह यांचं मुख्य माध्यम म्हणजे पुस्तक. त्यांच्या ‘सेंट अ लेटर’ (२००८) या संचावर लिहितोय. एका खोक्यात सात चिमुकली पुस्तकं. मुंबई, कोलकाता, वाराणसी वगैरे. सातवं त्यांच्या आई नोनी सिंह यांच्या छायाचित्रांचं. एकालाही शिवण नाही. लांब पट्टी उलटसुलट मोडलेली, उघडून फळीवर उभी केली की प्रदर्शन तयार. या प्रकाराला लेपोरेलो म्हणतात. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ (१७८७) ऑपेरातल्या नोकराचं हे नाव. मालकाच्या प्रेयसींची लांबलचक यादी उलगडून दाखवणारा तो. ‘घडीपुस्तक’ लिहिलं होतं, पण रुचत नाहीये.

कातरण : घडी नकोच. घडी निम्म्यावर निम्मी पडते : चादरीची, धोतराची, छापखान्यातल्या फर्म्याची (छापून दुमडलेल्या तावाची). तावाला तीन घड्या घातल्या की १६ पृष्ठं होतात, आणि कडा कापल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. इथे कापणं नाहीच. सारख्या रुंदीची, एक पुढे एक मागे, ही तर साडीची निरी. ‘निऱ्यांचं पुस्तक’ म्हणा.

पेटीमास्तर : पेटीचा भाता? इंग्रजीतही त्याला अकॉर्डियनचंच नाव आहे.

कातरण : भात्याच्या कडा बंद असतात, हवा धरायची असते ना. शिवाय ‘भातापुस्तक’ पाककृतींच्या कपाटात जाईल.

खळवाला : निरीला माझं मत, पण घडीला अगदी हाकलू नका. ९६ सेंमी पट्टीची १२ सेंमीची ८ पानं करायची असतील आणि मोजपट्टीने खुणा करत गेलात, तर दर पानाला अर्धा मिमी चूक धरली तरी शेवटी ४ मिमी फरक पडतो. गठ्ठा मिटल्यावर कडा जिन्यासारख्या दिसतात. म्हणून आधी निम्म्यात घडी, मग दोन्ही टोकं मधल्या मोडीवर आणायची, मग प्रत्येक पान पुन्हा निम्मं. सात मोडी पडल्या की एकाआड एक उलट्या फिरवायच्या. म्हणजे खुणा घडीने, रचना निरीने.

कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, मोडीला समांतरच हवा. आडवा असला की मोडीवर तंतू तुटतात, छापलेली शाई तडकते आणि मधोमध पांढरी रेघ उमटते. १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला १७० ग्रॅम) वरच्या कागदाला आधी क्रीझ मारावी, म्हणजे मोडीच्या जागी चर दाबून घ्यावी, नुसत्या नखाने भागत नाही.

जुनाबाजार : आणि ८च पानं का? ७ चालतील?

खळवाला : ७ केलीत तर शेवटच्या पानाची चित्राची बाजू बाहेर येते, आणि पुठ्ठा नेमका चित्रावर चिकटवावा लागतो. पानं सम असली की दोन्ही टोकांची पाठ बाहेर राहते. पट्टी अपुरी पडली तर एका तुकड्याला ८ मिमी जास्तीची कड ठेवून ती पुढच्या तुकड्याच्या पाठीला लावावी. जोड नेहमी मोडीवर, पानाच्या मध्ये कधीच नाही.

दप्तरदार : शेजारी कर्नाटकात हा प्रकार जुना आहे : ‘कडत’. कापडावर चिंचोक्याची खळ आणि कोळसा यांचा लेप, उलटसुलट मोडी, वर पांढऱ्या मऊ दगडाच्या कांडीने लिहायचं. शृंगेरी मठाची जुनी कडतं प्रसिद्ध आहेत. आजच्या कन्नडमध्ये ‘कडत’ म्हणजे सरकारी फाइल! आपल्याकडे ‘रुमाला’चं असंच झालं. बांधायचं कापड मागे पडलं आणि पेशवे दप्तरातल्या कागदांचे गठ्ठेच रुमाल झाले.

ओवीकर : ‘चित्रपोथी’ का नको? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथीच्या (चित्रं दाखवत सांगायच्या कथेच्या) संचाला पोथीच म्हणतात.

दप्तरदार : म्हणतात, पण तिथे दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून पानं सुटी ठेवलेली असतात. सांगणारा एकेक पान उचलून धरतो. सुटं पान हा पोथीचा प्राण. इथे पान सुटं झालं तर पुस्तक फाटलं असं म्हणतील. ‘आर्टिस्ट्स बुक’ (जिथे पुस्तक हीच कलाकृती) या मोठ्या वर्गाला मात्र चित्रपोथी चालेल की नाही, यावर वेगळा धागा काढा. ‘कलापुस्तक’ म्हटलं की लोकांना गुळगुळीत कागदावरचा जाडजूड चित्रसंग्रह आठवतो.

जुनाबाजार : बरं, ‘निऱ्यांचं पुस्तक’ पक्कं. मग टोकांच्या दोन पुठ्ठ्यांना ‘बांधणी’ म्हणू का?

खळवाला : बांधलंय काय त्यात? पाठ नाही, दोरा नाही. ‘दोन पुठ्ठ्यांत घेतलेलं’ एवढंच लिहा. पुठ्ठा २ मिमी, पानापेक्षा चारी बाजूंनी २ मिमी मोठा, कापडाची दुमड १५ मिमी. कापड एकाच बाजूला चिकटवलं की सुकताना ते पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं आणि पुठ्ठा वाकतो. आतून टोकाचं पान लागलं की ओढ बरीचशी फिटते. मध्ये बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री, आणि खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). तो विषारी आहे, हात धुवा.