ठरावात ‘एकमताने’ लिहावं की ‘सर्वानुमते’?

प्रश्न
गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहायचं आहे. हजर ४१ सभासद. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीला ३८ जणांनी हात वर केले, तिघे गप्प बसले, विरोध कोणीच केला नाही. मसुद्यावर कोणी म्हणतं ‘सर्वानुमते’ लिहा, कोणी ‘एकमताने’, कोणी ‘बिनविरोध’. तिन्हींचा अर्थ एकच का? इथे कोणता बसेल?

प्रतिसाद १
एकच नाही. ‘एकमत’ म्हणजे सगळ्यांना तेच वाटतं. ‘सर्वानुमते’मध्ये अनुमत आहे, म्हणजे संमती: एखाद्याचं मत थोडं निराळं असलं तरी तो ‘चालेल’ म्हणाला की झालं. वापरात ही सीमा आता पुसट झाली आहे, इतिवृत्तात दोन्ही एकाच अर्थाने येतात. पण प्रत्येकाचा होकार दोन्हींना लागतोच. इथे तिघांनी तो दिलेला नाही, म्हणून दोन्ही शब्द खोटे ठरतात. ‘बिनविरोध’ खरा आहे, पण तो निवडणुकीत इतका रुळलाय की ठरावात वाचताना अडखळायला होतं. सरळ लिहा:

‘ठराव बहुमताने मंजूर. बाजूने ३८, विरोधात ०, तटस्थ ३.’

उद्या त्या तिघांपैकी कोणी ‘मी हो म्हणालोच नव्हतो’ असं म्हणालं, तर ‘सर्वानुमते’ हा शब्दच अंगाशी येईल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. लेखनाचंही सांभाळा. ‘सर्वांनुमते’ असा अनुस्वार सर्रास दिसतो, तो चूक आहे. सर्व + अनुमते, ‘सर्वांनी’चा इथे संबंध नाही. ‘एकमताने’ जोडूनच लिहा. ‘एका मताने’ झालं की अर्थच फिरतो. १९९९ साली लोकसभेत वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. ते ‘एकमताने पडलं’ असं छापलं, तर बाजूने मत देणारे २६९ जण गायबच! ‘मतैक्यता’ही नको. ‘ऐक्य’ आधीच भाववाचक आहे, त्याला वर ‘ता’ कशाला?

प्रश्नकर्ता
बहुमताने लिहितो. ‘मी या सूचनेला सहमत आहे’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात, मग ते तिघे संमतच धरायचे ना?

प्रतिसाद ३
‘सहमत’ला ‘शी’ लागतो: सूचनेशी सहमत. ‘ला’ हवा असेल तर शब्द बदला: सूचनेला संमती, सूचनेला पाठिंबा. सभेत सूचकाच्या पाठोपाठ दुसरा सभासद देतो ते ‘अनुमोदन’, तिथे तोच शब्द घाला. ‘दुजोरा’ बातमीला किंवा माहितीला शोभतो. बोलण्यात ‘याबद्दल दुमत नाही’ छान वाटतं, पण तटस्थ कोणी असेल तर तेही नको. ‘री ओढली’ इतिवृत्तात कधीच नको, स्वतः विचार न करता मागून म्हटलं असा टोला त्यात आहे.

मौनाचं म्हणाल, तर ते घरच्या बोलण्यात ठीक. मतदानात गप्प बसणं होकार नव्हे. अध्यक्षांनी तीनदा विचारायला हवं: बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण, आणि दर वेळी हात मोजायचे. बेरीज ४१ भरली नाही, तर कोणी मधेच उठून गेलंय किंवा कोणाचा हात दोनदा मोजला गेलाय. ते तिथेच, सभा सुटायच्या आत, तपासा.