मदत हवी आहे : सिस्टिम कॉलच्या मॅक्रोमध्ये एक रजिस्टर दुसऱ्याचे मूल्य पुसून टाकते

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी मालवणजवळच्या एका गावात राहतो. आमच्या घरची मासेमारीची होडी आहे आणि १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीत ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. त्या मोकळ्या दिवसांत मी असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा देणारी भाषा, शिकतो आहे. ६४ बिटांचा इंटेल प्रोसेसर असलेला लॅपटॉप, लिनक्स आणि असेंब्लीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा नॅझम एवढेच साहित्य आहे. सी लायब्ररी मुद्दाम जोडलेली नाही, कारण प्रोग्रॅम कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, सिस्टिम कॉलने काम कसे मागतो तेच मला मुळापासून समजून घ्यायचे आहे.

सरावाचा प्रोग्रॅम लहान आहे. आमच्याकडची जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. हा ठोकताळाच आहे, पण होडी पाण्यात कधी लोटायची हे ठरवायला तो आजही उपयोगी पडतो. प्रोग्रॅमने प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत दर तिथीला ४५ मिनिटे मिळवत पंधरा ओळी छापायच्या आहेत.

प्रत्येक वेळी तीच रजिस्टरे (प्रोसेसरमधल्या मूल्य ठेवण्याच्या जागा) भरावी लागू नयेत म्हणून मी ‘कॉल३’ नावाचा मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या आज्ञांचा गठ्ठा, लिहिला. त्याला सिस्टिम कॉलचा क्रमांक आणि तीन मूल्ये द्यायची. मॅक्रो आधी आरएएक्समध्ये क्रमांक ठेवतो, मग आरडीआय, आरएसआय आणि आरडीएक्स याच क्रमाने तिन्ही मूल्ये भरतो आणि शेवटी सिसकॉल ही आज्ञा देतो. मजकूर लिहिणाऱ्या राइटचा क्रमांक १ आणि प्रोग्रॅम संपवणाऱ्या एक्झिटचा ६०, हे दोन्ही तपासून घेतले आहेत.

पहिली अडचण माझी मला सुटली. ओळी मोजण्यासाठी मी आरसीएक्समध्ये १५ ठेवून लूप ही आज्ञा वापरली होती (ती दर फेरीला आरसीएक्स एकने कमी करते आणि शून्य झाल्यावर थांबते), पण पंधरावी ओळ झाल्यावरही छपाई थांबेना. डीबगरमध्ये पाहिले, तर पहिल्याच राइटनंतर आरसीएक्समध्ये सुमारे ४२ लाख ही संख्या दिसली आणि ती माझ्याच कोडमधला, सिसकॉलच्या लगेच पुढच्या आज्ञेचा पत्ता निघाली. सिसकॉल ही आज्ञा परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग (प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा) आर११मध्ये ठेवते, हे तेव्हा वाचले. दर फेरीत तोच पत्ता पुन्हा भरला जात असल्याने लूप कधीच शून्यावर येत नव्हता. मोजणी आरबीएक्समध्ये हलवल्यावर पंधरा ओळी नीट आल्या.

दुसरी अडचण मात्र सुटत नाही. ओळ छापण्याचे काम मी वेगळ्या फंक्शनमध्ये नेले. त्याला बफरचा, म्हणजे छापायचा मजकूर ठेवलेल्या जागेचा, पत्ता आरडीआयमध्ये आणि लांबी आरएसआयमध्ये मिळते. आत ‘कॉल३’ला राइटचा क्रमांक, १, आरडीआय आणि आरएसआय दिले, तर पडद्यावर काहीच आले नाही आणि आरएएक्समध्ये उणे १४ आले, म्हणजे पत्ता चुकीचा. सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसमध्ये पाहिले, तेव्हा राइटला पोहोचलेली तिन्ही मूल्ये १ होती. कारण उघड आहे : मॅक्रोने आरडीआयमध्ये १ लिहिताच बफरचा पत्ता गेला, पुढे तोच १ आरएसआयमध्ये आणि तिथून आरडीएक्समध्ये उतरला.

भरण्याचा क्रम उलटा केला, तर हे उदाहरण चालते. पण पत्ता आरडीएक्समध्ये आणि लांबी आरएसआयमध्ये असली, तर तोही क्रम फसतो. तिन्ही मूल्ये आधी स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर) पुश करून म्हणजे ठेवून मग पॉप करणे म्हणजे काढून घेणे, हाच सर्वत्र चालणारा मार्ग मला दिसतो. तो योग्य आहे का? की मॅक्रोची मांडणीच मुळात चुकली आहे? हाच प्रोग्रॅम पुढे ६४ बिटांच्या आर्म या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर न्यायची इच्छा आहे, हेही लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण चूक नेमकी कुठे होते ते स्वतः शोधले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले.

पुश आणि पॉपचा मार्ग चालेल, पण त्याला दोन मर्यादा आहेत. एखादे मूल्य आरएसपीपासूनच्या (स्टॅकचा माथा दाखवणाऱ्या रजिस्टरपासूनच्या) अंतराने दिले असेल, तर पहिल्या पुशनंतर आरएसपी आठ बाइट सरकतो आणि पुढचे मूल्य चुकीच्या जागेवरून वाचले जाते. शिवाय आरएसपीच्या खालचे जे १२८ बाइट काही फंक्शने तात्पुरत्या मूल्यांसाठी वापरतात, त्यांवरही पुश लिहितो.

माझ्या मते मॅक्रोचे कामच बदलावे. कॉलच्या जागी रजिस्टरे भरण्याऐवजी त्याने फक्त छोटी फंक्शने तयार करावीत : नाव आणि क्रमांक घ्यावा, त्या नावाचे लेबल टाकावे, आरसीएक्सचे मूल्य आर१०मध्ये न्यावे, आरएएक्समध्ये क्रमांक ठेवावा, सिसकॉल द्यावा आणि परत फिरावे. एमआयटीमध्ये शिकवण्यासाठी लिहिलेल्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या इंटेल आवृत्तीत असाच मॅक्रो आहे, आणि १९९१च्या पहिल्या लिनक्समधले सिस्टिम कॉलचे मॅक्रोही सी भाषेत पूर्ण फंक्शनच तयार करत असत.

याचा खरा लाभ असा की लिनक्सवरील फंक्शनच्या नेहमीच्या करारात आरसीएक्स आणि आर११ ही कॉलनंतर टिकतीलच असे कोणी गृहीत धरायचे नसते. कर्नेल नेमकी हीच दोन रजिस्टरे आणि निकालासाठी आरएएक्स बदलतो, बाकीची जपतो. कॉल ही आज्ञा डोळ्यांना दिसली की मोजणी आरसीएक्समध्ये ठेवू नये हे आपोआप लक्षात राहते. मॅक्रोच्या साध्या नावामागे ते झाकले गेले होते. चौथे मूल्य आरसीएक्सऐवजी आर१०मधून जाते, त्याचेही कारण तेच आहे.

रजिस्टरे भरण्याचा क्रम ठरवण्याची जबाबदारी यामुळे संपत नाही. आपल्या छपाईच्या फंक्शनमध्ये आधी लांबी आरडीएक्समध्ये, मग पत्ता आरएसआयमध्ये आणि शेवटी १ आरडीआयमध्ये, असेच लिहावे लागेल. पण तो क्रम आता आपल्यासमोर लिहिलेला असेल.

आर्मवर क्रमांक एक्स८मध्ये आणि मूल्ये एक्स०पासून पुढे जातात, आज्ञा एसव्हीसी असते. तिथे राइट ६४, एक्झिट ९३, आणि फाइल उघडणारा ओपन हा कॉलच नाही, ओपनॲट वापरावा लागतो. त्याचा क्रमांक ५६, आणि इंटेलवर ५६ म्हणजे क्लोन हा वेगळाच कॉल, म्हणून क्रमांकांची यादी तशीच उचलू नका. छपाईचा आणि वेळ काढण्याचा कोड तिथे नव्याने लिहावा लागेलच, पण कर्नेलशी संबंधित सगळे या छोट्या फंक्शनांच्या एका फाइलमध्येच राहील.

आणखी एक. राइटने परत दिलेली संख्या मागितलेल्या लांबीपेक्षा कमी असू शकते, तेव्हा उरलेले बाइट पुन्हा पाठवावे लागतात. चूक ओळखण्यासाठी आरएएक्सची उणे ४०९५शी चिन्हविरहित (दोन्ही बिटसंच धन संख्या मानून) तुलना करावी. तितके किंवा त्याहून मोठे असेल, तर ती चूक समजावी.

मूळ प्रश्नकर्ता :

आपले मनापासून आभार. राइट आणि एक्झिट यांची फंक्शने मॅक्रोने तयार करून घेतली आणि छपाईच्या फंक्शनमध्ये आपण सांगितलेला क्रम ठेवला. पंधराही ओळी बरोबर आल्या, अष्टमीसमोर सहा वाजता दिसले. चूक तपासण्याचे लेबल मॅक्रोत घातल्यावर नॅझमने ते दोनदा आल्याची तक्रार केली, पण लेबलाच्या आधी दोन टक्केचिन्हे दिल्यावर मॅक्रोच्या प्रत्येक वापराला त्याचे वेगळे लेबल मिळाले. उरलेले बाइट पुन्हा पाठवण्याचा भाग आज रात्री लिहितो आणि कोड इथेच ठेवतो.