भागधारकांचे दावे न्यायालयात पडून असतील तर शेअरचे मूल्य कसे जोखावे?

प्रश्न (ठाण्याहून)

नमस्कार. एका सूचिबद्ध कंपनीचे चारशे शेअर माझ्याकडे सहा वर्षांपासून आहेत. यंदाच्या वार्षिक अहवालातील टिपांमध्ये, ‘संभाव्य देयता’ (पुढे कदाचित द्यावी लागेल अशी रक्कम) या शीर्षकाखाली, काही भागधारकांनी परदेशी न्यायालयात कंपनीवर दावा लावला असून त्याची रक्कम आज निश्चित करता येत नाही, असे एक वाक्य आहे. ताळेबंदात मात्र त्यासाठी एका रुपयाचीही तरतूद नाही, म्हणजे रक्कम बाजूला काढलेली नाही. नफा वाढतो आहे, तरी भाव वर्षभर खालीच आहे. हा शेअर स्वस्त मानून आणखी घ्यावा, की त्या एका वाक्याला घाबरावे?

उत्तर १

तरतूद नसणे म्हणजे धोका नसणे, असे समजू नये. इंड एएस ३७ या लेखामानकानुसार पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तरच तरतूद करतात. यांपैकी एक अट जरी पुरी होत नसेल तरी दावा टिपेत जातो आणि शक्यता अगदीच दूरची असेल तर टिपेतही येत नाही. म्हणून मागील तीन-चार वर्षांचे अहवाल काढून त्याच टिपेची भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. शब्द कुठे बदलले, हे रकमेपेक्षा अधिक सांगते.

उत्तर २

सत्यम कॉम्प्युटरचे आकडे पाहिल्याशिवाय हा विषय उलगडत नाही, असे माझे मत आहे. ७ जानेवारी २००९ रोजी हिशेब फुगवल्याचे या कंपनीच्या अध्यक्षांचे कबुलीपत्र बाहेर आले आणि १७९ रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्याच दिवशी चाळिशीच्या खाली बंद झाला. न्यूयॉर्क शेअर बाजारात कंपनीच्या शेअरांवर आधारलेल्या ठेवपावत्या, म्हणजे एडीआर, विकल्या जात असल्यामुळे अमेरिकेत लगोलग सामूहिक दावे, म्हणजे अनेक गुंतवणूकदारांच्या वतीने एकत्र लावलेले दावे, दाखल झाले. एप्रिलमध्ये कंपनीचा लिलाव झाला तेव्हा ते दावे उभेच होते आणि ते किती रकमेला पडतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. टेक महिंद्राने शेअरला ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोने ४५.९० रुपये, तर विल्बर रॉस यांनी २० रुपये बोली लावली. एकाच कंपनीसाठी एकाच दिवशी लागलेल्या बोलींमध्ये एवढी तफावत असावी, यातच अनिश्चिततेची किंमत दिसते.

पुढे २०११ मध्ये त्या दाव्यांत १२.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या वेळच्या दराने हे साधारण ५७० कोटी रुपये होतात आणि तेव्हाच्या सुमारे ११७ कोटी शेअरांनी भागले तर शेअरमागे पाच रुपयांहून थोडे कमी येतात. आता दुसरा भागाकार करा: कबुलीपत्रानुसार मुळात अस्तित्वातच नसलेली रोकड ५,०४० कोटी रुपयांची होती आणि घोटाळा उघड झाला तेव्हाचे शेअर होते सुमारे ६७ कोटी, म्हणजे शेअरमागे तब्बल ७५ रुपये. नुकसान दाव्याने केले नाही, दावा ज्या गोष्टीवरून लागला तिने केले. त्यामुळे तुमच्या कंपनीवरचा आरोप नेमका काय आहे, ते आधी पाहा. उत्पन्न फुगवल्याचा आरोप असेल, तर ज्या नफ्यावरून तुम्ही शेअर स्वस्त म्हणता, तो नफाच वादात आहे.

आणखी एक गोष्ट मला आजही सलते. तडजोडीचे पैसे कंपनीच्या तिजोरीतून गेले, म्हणजे मुंबईत शेअर घेऊन बसलेल्या लहान भागधारकानेही त्याचा भार उचलला, पण भरपाई मुख्यतः अमेरिकेतील खरेदीदारांना मिळाली. आपल्याकडे तेव्हा अशा सामूहिक दाव्याची कायद्यात सोयच नव्हती. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम २४५ लागू झाले ते २०१६ मध्ये.

उत्तर ३

वरील विवेचन पटते, परंतु प्रत्येक दाव्यामागे सत्यम नसते, हेही नोंदवायला हवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्फोसिसच्या हिशेबांबाबत निनावी तक्रार उघड झाली, २२ तारखेला शेअर सुमारे १६ टक्के कोसळला आणि अमेरिकेत दावाही लागला. कंपनीच्या लेखापरीक्षण समितीला चौकशीत पुरावा सापडला नाही आणि पुढे दावा लावणाऱ्यांनीच तो मागे घेतला. घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान कोणी भरून दिले नाही.

दावा कोणत्या जातीचा आहे हेही तपासा. भागधारकांनी स्वतःच्या नुकसानीसाठी लावलेल्या दाव्यात कंपनी पैसे देते. कंपनीच्या वतीने संचालकांवर लावलेल्या दाव्यात, तो यशस्वी झाल्यास, पैसे कंपनीकडे येतात. तुमच्या टिपेत प्रतिवादी कोण आहे ते लिहिले आहे का?

प्रश्नकर्ता

आताच टीप पुन्हा वाचली. प्रतिवादी कंपनी स्वतःच आहे आणि आरोप दोन वर्षांची विक्री वाढवून दाखवल्याचा आहे. त्या दोन वर्षांत उधारीवर विकलेल्या मालापोटी ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम विक्रीपेक्षा वेगाने वाढल्याचे ताळेबंदात दिसते, जे मी आजवर पाहिलेच नव्हते. नवी खरेदी तूर्त थांबवतो आणि त्या दोन वर्षांचे रोखप्रवाह विवरण आज रात्री बसून तपासतो.