पाहुण्यांच्या पार्किंगमधली वन टन

सेक्रेटरी, सी-१०४: नमस्कार मंडळी. बी विंगच्या मागे पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये काल रात्रीपासून मिलिटरीचा एक जुना ट्रक उभा आहे. सकाळपासून वॉचमनकडे सगळ्यांची चौकशी चालू आहे. कोणाचा आहे, कागदपत्रं आहेत का, किती दिवस राहणार, हे कृपया इथेच सांगावं.

बी-६०२: नमस्कार साहेब, माझा आहे. निस्सान वन टन, १९८८ ची. लष्कराच्या लिलावातून सुटलेली. इतके दिवस गावाकडे शेडमध्ये काम चाललं होतं, आता चालती झाली म्हणून आणली. आरसी माझ्या नावावर आहे, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे. तिन्हींचे फोटो टाकतोय.

डी-२०५: दादा, कागदांचं ठीक आहे, पण रात्री गाडी लावलीत तेव्हा आमच्या बेडरूममध्ये पेट्रोलचा वास भरला. सासूबाईंना दमा आहे. सकाळी बघितलं तर खाली ऑइलचा डागही पडलाय.

सी-७०२: आमचा मुलगा बाल्कनीतून हलत नाहीये 😄 धोनीने २०१९ मध्ये रांचीत जोंगा आणली होती, ती हीच का?

बी-६०२: ताई, जोंगा वेगळी, पण इंजिनाचं घराणं एकच. निस्सानचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३९५६ सीसी. जोंगा जीपच्या अंगाची, ही मागे हौदा असलेली. दोन्ही जबलपूरला निस्सानच्या परवान्यावर बनल्या. मुलाला संध्याकाळी खाली पाठवा, दाखवतो.

डी-२०५ च्या ताई, वासाबद्दल मनापासून सॉरी. आजच बघतो.

सुभेदार काका, ए-३०१: राम राम मंडळी. माझी सगळी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, या गाड्यांखाली झोपूनच गेली, म्हणून बोलतो. सकाळी फिरून येताना गाडी बघून आलो. चॅसी सरळ आहे, कमानपाटे ओरिजिनल आहेत, रेडिएटरची जाळी स्वच्छ आहे. बी-६०२ ने मेहनत घेतली आहे.

ताई, तुमची तक्रार रास्त आहे. वासाची बहुधा दोन कारणं असतात. थंड इंजिनाला चोक ओढून ठेवला की पेट्रोल जास्त जातं आणि न जळता सायलेन्सरमधून बाहेर येतं. पण गाडी बंद केल्यावरही वास येत असेल तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही, पेट्रोल वरून सांडतंय. दुसरं कारण धोक्याचं आहे, ते आधी बघायचं. प्रदूषणाच्या बीएस-२ नियमांच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. म्हणजे आजच्या गाडीपेक्षा सूट पुष्कळ, पण घरात वास भरावा इतकी नाही. नीट लावलेल्या इंजिनाचा वास दुसऱ्या मजल्यावर जात नाही.

सी-५०२: मला तर फार आवडली. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला पुढे उभी करू. त्याआधी झकास ऑलिव्ह ग्रीन मारून घे रे, हा खाकी-पिवळट रंग मिलिटरीचा वाटत नाही.

सुभेदार काका, ए-३०१: नाही. तो रंग मारायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १२१ आहे: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. आरसीवर जो रंग लिहिला आहे तोच गाडीवर पाहिजे. बंपरवर लष्करी नंबराला असतो तसा बाण रेखाटून जुना लष्करी नंबर लिहायचा, स्टार प्लेट लावायची, युनिटची चिन्हं रंगवायची, हेही करू नका. तो बाण आणि तो रंग बघून गेटवरचा संत्री काय समजायचं ते समजतो. उद्या अशी गाडी घेऊन कोणी भलत्याच कामाने छावणीत शिरला तर? नियम उगाच केलेला नाही.

बी-६०२: काका, म्हणूनच वाळूचा रंग घेतला आणि आरसीवर तोच लिहून घेतला.

सी-५०२: अच्छा, हे माहीत नव्हतं. रंग राहू दे. पण माझी सूचना गंभीरपणे घ्या. गेटजवळच्या बागेत कायमची उभी करू, खाली दोन फोकस लावू, सोसायटीची ओळख होईल. दादाचाही पार्किंगचा प्रश्न सुटेल.

सेक्रेटरी, सी-१०४: कल्पना वाईट नाही. कमिटीत मांडता येईल.

सुभेदार काका, ए-३०१: साहेब, हात जोडून सांगतो, असं करू नका. थोडं लांब लिहितो, वाचा.

ही गाडी चालून झिजत नाही, उभी राहून मरते. पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवलेल्या गाड्या मी उघडल्यात, आत काय होतं ते सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात. चारही चाकांना ड्रम आहेत, एक जरी जाम झाला तरी ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजवतं. ऑइल सील कोरडी पडून तडकतात. ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर थर चढतो, करंट जात नाही. नायलॉनचे टायर जिथे टेकलेत तिथे चपटे होतात आणि पुढे कायम धडधडतात. उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच.

आणि बरेच जण म्हणतात की आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करतो ना! त्याने जास्त नुकसान होतं. इंजिन पूर्ण तापत नाही, आत झालेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं. सुरू करायची तर रस्त्यावर काढायची. पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, सगळे गिअर, सगळे ब्रेक. तसं जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला देऊन टाकायची. बागेत उभी करून फोकस मारायचा नाही.

ए-१०३: सुभेदार काका, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या वाडीला पाऊस आणि चिखलातून पहिल्यांदा पोचल्या त्या मिलिटरीच्या गाड्याच. मोठे ट्रक होते, त्यांना शक्तिमान म्हणायचे. त्यातून ताडपत्र्या आल्या, पाणी आलं. त्या इंजिनाचा आवाज मला आजही ओळखू येतो. ही गाडी बंद पडून राहू नये असं मलाही वाटतं.

सुभेदार काका, ए-३०१: ताई, नमस्कार तुम्हाला. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला तीन टनी ट्रक. १९५९ पासून बनत होता, १९९६ ला बंद झाला. १९६५ आणि १९७१ दोन्ही लढायांत तो होता. त्याच्यावर शिकलेला मेकॅनिक कुठल्याही गाडीला घाबरत नाही.

बी-४०१: माझे दोन प्रश्न. एक, याला हेवी लायसन्स लागत नाही का? दोन, आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. त्या काळातल्या इंजिनाला ते चालतं?

बी-६०२: लायसन्स एलएमव्हीचंच. कायद्यात हलक्या वाहनाची हद्द ७,५०० किलोपर्यंत आहे, ही त्याच्या बरीच खाली येते.

ई-२० चा त्रास खरा आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाकले. टाकी आतून साफ केली, कारण इथेनॉल जुना गाळ सोडवून थेट फिल्टरमध्ये आणून टाकतं. आता टाकी अर्धवट ठेवत नाही आणि पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देत नाही. मायलेज विचारू नका, लिटरला चार-पाच 🙏

सुभेदार काका, ए-३०१: उन्हाळ्यात दिवे घाटात ही गाडी धापा टाकून बंद पडली तर घाबरायचं नाही. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंप कोरडा ओढत राहतो. पंपावर ओलं फडकं टाक, बॉनेट उघड, थोडा थांब. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून जितका लांब नेता येईल तितका ने. हे काम आत्ताच करून ठेव.

आणि फोर-बाय-फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, लिव्हर डांबरी रस्त्यावर ओढायचा नाही. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत. चिखलात चाक जरा घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर तो ताण जायला जागाच नसते, मग शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे दात जातात. पाण्यातून बाहेर आलास की ब्रेकवर हलका पाय ठेवून शंभर पावलं जा, ड्रम सुकले पाहिजेत.

रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी, असेल तर पंक्चर रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात काढायचं नाही. ज्याच्याकडे हवा भरायचा पिंजरा आहे त्याच्याकडेच. ती रिंग उडाली तर माणूस जागेवर जातो. मी पाहिलेलं आहे, अजून लिहीत नाही.

सी-५०२: काका, तुम्ही दोघांनी मला वेडं केलंत. मलाही एक घ्यायची आहे. कुठून मिळते?

सुभेदार काका, ए-३०१: ज्या गाडीवर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही ती लष्कर मोडीत काढतं. लिलाव ऑनलाइन होतो, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर. अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन माल बघायचा, जसा आहे तसा उचलायचा. अडचण अशी की बऱ्याचदा गाड्या एकेकट्या निघत नाहीत, पूर्ण लॉट असतो, त्यामुळे तो मोठा भंगारवाला घेतो आणि हौशी माणूस त्याच्याकडून. इथेच लोक फसतात. आरटीओत पहिली नोंदणी करताना लष्कराने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१, लागतं. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर त्यावर आहे तोच लोखंडावर ठोकलेला पाहिजे. हरियाणातल्या डबवालीला दोन-चार गाड्यांचे भाग जोडून चकाचक जीप बनवून देतात, कारागीर उत्तम आहेत, पण कागद कुठल्या गाडीचा आणि चॅसी कुठली हे विचारलं की उत्तर मिळत नाही. "नोंदणी मागाहून करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस. कागद आधी, गाडी नंतर.

बी-४०१: आणि विंटेज नोंदणी? वर्तमानपत्रात वाचलं होतं.

बी-६०२: ती २०२१ ची योजना. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी लागते. फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच काढायची. माझी १९८८ ची आहे, तिला अजून वेळ आहे. साधी नोंदणी आणि पर्यावरण कर भरून चालवतोय.

सेक्रेटरी, सी-१०४: सगळं वाचलं. बागेचा विषय मी मागे घेतो. सध्या असं ठरवू. ट्रक पाहुण्यांच्या जागेतून काढून पंपहाऊसच्या भिंतीलगत लावायचा, तिथे कोणाची खिडकी नाही. खाली ट्रे ठेवायचा. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर सुरू करायचा नाही. जागेचं भाडं दुसऱ्या गाडीच्या दराने. कोणाची हरकत?

डी-२०५: माझी हरकत नाही. फक्त सुरू करण्याआधी मला एक मेसेज करा, मी सासूबाईंच्या खोलीच्या खिडक्या लावून घेईन.

बी-६०२: नक्की ताई, प्रत्येक वेळी. ट्रे आज दुपारीच आणतो.

सुभेदार काका, ए-३०१: आता एक मागणं माझं. आमच्याकडे गाडी काढायच्या आधी फर्स्ट परेड व्हायची: पाणी, ऑइल, हवा, ब्रेक, दिवे, खाली काही गळतंय का, नट ढिले आहेत का. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, आल्यावर लास्ट परेड. सगळं डायरीत लिहायचं. इथेही तसंच करू. सोसायटीतल्या ज्या मुलांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी यावं, मुलींनीसुद्धा. ग्रीस निपल कुठे आहेत, डबल क्लच कसा मारतात, पॉइंटमधली फट कशी लावतात, हे मी शिकवीन. हे हाताने शिकलेलं काम आहे, माझ्याबरोबर संपायला नको.

सी-७०२: आमचा मुलगा येतोय काका. मीही येते.

ए-१०३: चहा माझ्याकडून.

सुभेदार काका, ए-३०१: बी-६०२, फ्लोटची सुई रविवारपर्यंत ठेवायची नाही. आज पाच वाजता खाली ये. दहाचा आणि बाराचा पाना, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि स्वच्छ फडकं आण. बॅटरीची मायनस आधी काढून ठेव आणि आग विझवायचा सिलिंडर पंपहाऊसमधून बाहेर काढून जवळ ठेव. तोपर्यंत गाडी कोणी सुरू करू नये.

बी-६०२: हो काका. पाचला येतो.